तपासआत्या

आमच्या मजल्यावरचे एक काका वारले तेव्हा सगळी बिल्डिंग "अरेरे, किती अचानक!" म्हणून हळहळत होती. माझ्या आत्याने मात्र दारातूनच विचारलं, "अचानक म्हणजे? काल संध्याकाळी कोण कोण येऊन गेलं होतं?" आईने तिचा दंड धरून तिला आत ओढलं. काकांचं वय झालं होतं, दोन वर्षं अंथरुणाला खिळून होते, डॉक्टर सकाळीच येऊन गेले होते. हे सगळं आत्याला माहीत होतं. तरी चहा पिताना ती पुटपुटलीच, "सून जरा जास्तच रडत होती."

तिचं नाव सुलभा परब. बिल्डिंगमधली आम्ही पोरं तिला तपासआत्या म्हणायचो, आधी पाठीमागे आणि मग तोंडावरही. तिला ते आवडायचं, असा मला संशय आहे. एका विमा कंपनीत दाव्यांची चौकशी करण्याचं काम तिच्याकडे होतं. कुणाचं दुकान जळालं, कुणाचा टेम्पो उलटला, कुणाचा हात यंत्रात सापडला, की भरपाई देण्याआधी प्रकरण खरं की बनाव हे बघायला हिला पाठवत. पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला कापडी पिशवी आणि चेहऱ्यावर 'मला काहीच कळत नाही बाई' असा भाव. त्या भावाला भलेभले फसले. "दुकान जळालं ना, की काय जळालं ते बघत बसायचं नाही," ती मला सांगायची. "काय वाचलं ते बघायचं. देवाची तसबीर आदल्या दिवशीच घरी गेली असेल, तर मालकाला आग ठाऊक होती."

आजी गेल्यावर लालबागची खोली सुटली आणि आत्या आमच्याकडे मरोळला राहायला आली. तिने लग्न केलं नव्हतं. का, असं विचारलं तर म्हणायची, "स्थळं येत होती गं, पण माहिती काढली ना." मी तेव्हा पाचवीत होते. माझ्या खोलीत दुसरी खाट पडली आणि माझं सुख संपलं. आत्या दुधाची पिशवी उजेडाकडे धरून बघायची, इस्त्रीवाल्याकडून आलेले कपडे झटकून बघायची, भाजीवाल्याच्या तराजूखाली वाकून बघायची. आईशी तिचं भांडण कधी झालं नाही, पण आई तिच्यासमोर डब्यांची झाकणं जरा जोरात लावायची. मी तर तिला घाबरूनच होते. कारण त्या घरात लपवण्यासारखं सगळ्यात मोठं काही असेल, तर ते माझ्याकडे होतं.

मला वाचता येत नव्हतं.

म्हणजे अक्षरं डोळ्यांपुढे नाचायची वगैरे, तसं काही नाही. ती आपापल्या जागी शांत उभी असायची. ओळखीचीही वाटायची. पण लग्नात कुणी काका पुढ्यात येऊन "ओळखलंस का?" विचारतात आणि चेहरा माहीत असून नाव सुचत नाही, तसं मला दर अक्षरापाशी व्हायचं. एकाचं नाव आठवेपर्यंत मागचं विसरायचं. 'ध' आणि 'घ' मला आजही जपून बघावे लागतात. जोडाक्षर आलं की मी मनातल्या मनात शरण जायचे. पण ऐकलेलं मला लगेच पाठ व्हायचं. आई पोळ्या लाटताना धडा मोठ्याने वाचायची, मी बाजूला बसून ऐकायचे आणि दुसऱ्या दिवशी वर्गात पुस्तक उघडून घडाघडा म्हणायचे. लेखी परीक्षेत मात्र वाट लागायची. "तोंडाने पोपट, हाताने आळशी," असं माझ्याबद्दल शाळेत बोललं जायचं. घरीही तेच मत होतं. मलाही तेच खरं वाटत होतं.

एका रविवारी मी बाबांसमोर मराठीचा धडा वाचून दाखवत होते. बाबा खूश होऊन मान डोलावत होते. आत्या खिडकीशी बसून शेंगा सोलत होती. धडा संपला. बाबा म्हणाले, "झकास! बघ ताई, कशी वाचते!" आत्याने शेंग खाली ठेवली.

"छान वाचते," ती म्हणाली. "पण पान कधी उलटलंस गं?"

धडा चार पानांचा होता आणि माझ्या हातात पहिलंच पान होतं. माझे कान तापले. बाबांच्या लक्षात काही आलं नाही, ते हसत उठून गेले. आत्या पुन्हा शेंगा सोलायला लागली, पण आता ती माझ्याकडे दुकानाच्या जळक्या भिंतीकडे बघावं तशी बघत होती.

त्या दिवसापासून माझा तपास सुरू झाला. बाजारात जाताना ती मधेच विचारायची, "त्या पाटीवर काय गं लिहिलंय? माझ्या डोळ्यांवर ऊन येतंय." मी औषधाच्या दुकानाला औषधाचं दुकान म्हणायचे, कारण बाटल्या दिसायच्या. एकदा बेकरी बंद होऊन तिथे मोबाइल दुरुस्तीचं दुकान निघालं होतं, शटर अर्धं खाली होतं. मी ठोकून दिलं, "बेकरी." पुढच्या आठवड्यात आत्याने मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डोळे उत्तम निघाले. मी अधिकच घाबरले. डोळ्यांत दोष निघाला असता तर बरं, चष्म्यावर भागलं असतं. आता खोटेपणाचा आरोप तेवढा उरला होता.

आत्यालाही तोच संशय होता, हे तिनेच मला पुढे मोठेपणी सांगितलं. "मला वाटलं, पोरगी पक्की आहे. कामचुकार आहे. सोंग आणतेय." तिच्या कामात अशी माणसं रोज भेटायची. हात वर होत नाही म्हणून दावा लावलेला माणूस असला, की आत्या त्याच्या पुढ्यात निघताना छत्री विसरायची. तो हाका मारत, तोच हात उंच करून मागे धावत आला की प्रकरण संपलं. तसाच सापळा तिने मला लावला. माझ्या कंपासपेटीत तिने एक चिठ्ठी ठेवली. सोप्या शब्दांत, मोठ्या अक्षरांत: 'आज शाळा सुटल्यावर गेटपाशी थांब. रिक्षात बसू नकोस. आपण दोघी आइस्क्रीम खायला जाऊ. आईला सांगितलं आहे.' आइस्क्रीमसाठी मी काय वाटेल ते करायचे, हे सगळ्या घराला माहीत होतं. सोंग आणणारं पोर त्या दिवशी गेटपाशी थांबलंच असतं.

मी मधल्या सुट्टीत पेटी उघडली आणि आत कागद दिसला. शाळेतून घरी आणि घरून शाळेत जाणारा कुठलाही कागद तोवर माझ्याविरुद्धच असायचा. मी तो बारीक फाडला आणि नळाखाली भिजवून टाकला. शाळा सुटली. नेहमीच्या रिक्षात तीन मुलांशेजारी चौथी होऊन बसले. रस्त्याच्या पलीकडे झेरॉक्सच्या दुकानाच्या आडोशाला आत्या अर्धी रजा टाकून उभी होती. माझी रिक्षा तिच्या समोरून गेली. मी तिला पाहिलंसुद्धा नाही.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा तिच्या हातात आइस्क्रीमचा डबा होता. तो तिने माझ्यापुढे ठेवला. मी आधी डब्याकडे आणि मग तिच्याकडे संशयाने बघितलं. तिने कधी काही फुकट दिलेलं मला आठवत नव्हतं.

"चिठ्ठी कुठाय?" तिने विचारलं.

"कुठली चिठ्ठी?"

"तन्वी, मी ओरडणार नाही."

मग मी सांगितलं. फाडली म्हणून. आणि का फाडली तेही. आत्या उठून बाहेरच्या खोलीत बाबांकडे गेली. ही दोघं भावंडं एरवी तुमच्याआमच्यासारखं बोलत, पण राग आला किंवा माया दाटली की मालवणीवर येत. मी दाराआडून ऐकलं. "चेडू खोटा बोलणा नाय, बाळा," ती म्हणाली. "तेका खराच वाचूक येणा नाय." पोरगी खोटं बोलत नाही, तिला खरंच वाचता येत नाही.

बाबा असे भडकतील असं मला वाटलं नव्हतं. माझे बाबा, बाळा परब, मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपमध्ये लेथ मशीनवर होते. ड्रॉइंगवरचं माप बघून पोलादाचा तुकडा केसाइतक्या फरकात उतरवणारा शांत माणूस. पण त्या संध्याकाळी ते ताडकन उठले. "तुला सगळ्यांतच खोट दिसते! दुधात दिसते, इस्त्रीत दिसते, आता माझ्या मुलीत! ती जरा आळशी आहे, बस. होईल नीट. कुठल्या डॉक्टरबिक्टरकडे न्यायचं नाही तिला. डोक्याची केस म्हणून शिक्का बसेल." आईने मधे पडायचा प्रयत्न केला, तर तिच्यावरही ओरडले. जेवले नाहीत.

आत्याचा एक नियम होता. चौकशीला गेल्यावर जो सगळ्यात जास्त चिडेल, त्याच्या घरी दुसऱ्यांदा जायचं. त्या रात्री खाटेवर आडवी होऊन ती छताकडे बघत म्हणाली, "बाळा एवढा चिडला कशाला?" मी झोपल्याचं नाटक केलं. ते तिला कळलं असणारच.

दोन महिने घरात धुसफूस होती. मग बाबाच एक दिवस एक पत्रक घेऊन आले. अंधेरीत कुठलंसं सेंटर होतं. मुलांची 'स्मरणशक्ती आणि वाचनशक्ती' तीन महिन्यांत दुप्पट करून देण्याची हमी होती. कसले थेंब, कसली तेलाची मालिश आणि डोळ्यांपुढे फिरणारी रंगीत चक्रं. डॉक्टर नाही, शिक्का नाही, म्हणून बाबांना ते पटलं होतं. आत्या हो म्हणाली. आई चकित झाली. तिसऱ्या दिवशी आत्या एकटीच त्या सेंटरमध्ये गेली, डोळ्यांत पाणी आणून. "माझा मुलगा हो, बारा वर्षांचा. दिवसभर वाचतो. वाचतच राहतो. जेवायला येत नाही, कुणाशी बोलत नाही, गणितात पैकीच्या पैकी. काय करू?" तिथल्या माणसाने गंभीर चेहऱ्याने ऐकून घेतलं आणि तेच थेंब, तीच मालिश आणि तीच चक्रं लिहून दिली. आत्याने घरी येऊन तो कागद बाबांच्या ताटाशेजारी ठेवला. "न झालेल्या मुलाला पण लागू पडतंय बघ औषध," ती म्हणाली. बाबा हसले नाहीत, पण सेंटरचं नाव पुन्हा काढलं नाही.

शेवटी महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयात जायचं ठरलं. तिथे मुलांच्या वाचन-लेखनाच्या अडचणी तपासण्याचा विभाग होता. नंबर लागायलाच कित्येक आठवडे गेले. बाबांनी रजा काढली, पण कागद भरायची वेळ आली तेव्हा ते "मी पार्किंगचं बघतो" म्हणून खाली गेले. आम्ही रिक्षाने आलो होतो. आईने कागद भरले. आत्याने खालच्या जिन्याकडे एकदा बघितलं.

तपासणाऱ्या बाई तरुण होत्या, खादीचा कुर्ता घातलेल्या. त्यांनी मला तीन-चार वेळा बोलावून वाचायला, लिहायला, गोष्ट सांगायला, ठोकळे जुळवायला लावलं. आत्या बाहेर बाकावर बसून राहायची आणि मी बाहेर आले की विचारायची, "काय सांगितलं? तुझ्या तोंडात उत्तर घातलं का?" सरकारी जागेत शिक्का आधी आणि तपास नंतर होतो, अशी तिची खात्री होती. शेवटच्या दिवशी त्या बाईंनी आम्हा सगळ्यांना आत बसवून सांगितलं, की हिला डिस्लेक्सिया आहे. बुद्धीत काही कमी नाही, उलट ऐकून समजण्यात ती पुढे आहे. पण अक्षर आणि आवाज यांची सांगड घालायला तिच्या मेंदूला फार कष्ट पडतात. हा आजार नाही, म्हणून औषध नाही. वेगळ्या पद्धतीने शिकवावं लागेल, शाळेत सवलती मागता येतील.

आत्या पुढे सरकली. "एक विचारू? मुलाने सोंग आणलं तर तुम्हाला कळतं?"

बाई रागावल्या नाहीत. "बहुतेक वेळा कळतं," त्या म्हणाल्या. "पण मावशी, मी तुम्हाला या मुलीचं सांगते. कामचुकार मूल दमत नाही. ही दमलीय. सकाळी दहाला येते तेव्हाच दमलेली असते."

आत्या मागे सरकून बसली. मग बाईंनी सहज विचारलं, "घरात आणखी कुणाला वाचण्याची अडचण होती का? आई-वडील, काका, आत्या?"

"नाही," आत्या ठामपणे म्हणाली. "आमच्या घरात कोणालाच नाही."

बाबा खिडकीबाहेर बघत होते.

घरी येताना रिक्षात आत्याने माझं दप्तर स्वतःच्या मांडीवर घेतलं. साकीनाक्याच्या गर्दीत रिक्षा अडकली होती. तिने समोर बघतच विचारलं, "दमतेस?" मी "हो" म्हणाले आणि रडायलाच लागले. मी दमते, हे मला त्याआधी माहीतच नव्हतं. सगळ्याच मुलांना असं होतं आणि मीच कमी पडते, असं मला वाटायचं. आत्याला जवळ घेणं वगैरे जमायचं नाही. ती माझ्या दप्तराचा बंद सारखा करत राहिली, घर येईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी बाबांना सुट्टी होती. ते स्वयंपाकघरात मिक्सर उघडून बसले होते. मी बाहेर टीव्हीसमोर होते, पण टीव्हीचा आवाज आत्यानेच येऊन कमी केला आणि ती आत गेली. तिला मी ऐकायला हवं होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

"बाळा," ती म्हणाली, "काल त्या बाईने विचारलं तेव्हा मी नाही म्हटलं."

मिक्सरचे स्क्रू खोलल्याचा आवाज आला.

"तू नववीत शाळा सोडलीस."

"सोडली नाही. काढलं मला."

"तू शाळेच्या वेळात मैदानात बसायचास. मी बघितलं होतं. खोटं नव्हतं ते."

"नव्हतं," बाबा म्हणाले. स्क्रू ठेवल्याचा आवाज आला. "तू बघितलंस आणि आईला येऊन सांगितलंस. अण्णांनी पट्ट्याने मारलं आणि महिन्याभरात मला लेथवर लावलं. तू बघलंस, ताई. कित्याक बसतंय, ता इचारूक नाय." पाहिलंस, पण का बसतो ते विचारलं नाहीस. अण्णा म्हणजे माझे आजोबा.

मग बाबाच हलक्या आवाजात सांगू लागले. मास्तर वाचायला उभं करायचे. सगळा वर्ग हसायचा. एकदा मास्तरांनी पाचवीच्या मुलाला बोलावून त्याच्याकडून तो उतारा वाचून घेतला आणि बाबांना त्या मुलाच्या पाया पडायला लावलं. त्या दिवसापासून ते मैदानात बसायला लागले. हे त्यांनी आईलाही कधी सांगितलं नव्हतं. म्हणून पार्किंग, म्हणून तो राग. माझ्यावर शिक्का बसला असता तर तो त्यांच्यावरही बसणार होता.

आत्याने माफी मागितली का? मी ऐकलं तरी नाही. तिने एवढंच विचारलं, "मास्तराचं नाव काय?" बाबा चक्क हसले. "मेला गं तो कधीच. आता कुठे तपास करतेस!" मग मिक्सर सुरू झाल्याचा आवाज आला. आत्या बाहेर आली ती सरळ आमच्या खोलीत जाऊन खाटेवर भिंतीकडे तोंड करून झोपली, भर दुपारी. त्याआधी तिला दुपारी झोपलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

सोमवारी ती शाळेत गेली, आई-बाबांना आणि मला घेऊन. आमच्या पर्यवेक्षिका कडक होत्या. त्यांनी रुग्णालयाचा दाखला उलटसुलट करून बघितला, शिक्का नखाने खरवडून बघितला. "हल्ली असे दाखले मिळतात हो," त्या म्हणाल्या. "मार्क कमी पडायला लागले की पालकांना काहीतरी सुचतंच. उद्या अर्धा वर्ग दाखला घेऊन येईल." आईचा चेहरा उतरला. बाबा उठायलाच निघाले. आणि आत्या, जिच्यावर जन्मात पहिल्यांदाच कुणीतरी बनावाचा संशय घेतला होता, ती खुर्चीत नीट बसली.

"बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली. "तुमच्या जागी मी असते तर मीही शंका घेतली असती. पण बाई, एकदा शंका घेतली की तपास करावा लागतो. नुसती शंका घेऊन घरी जायचं नाही. मी गेले होते एकदा, चाळीस वर्षं होत आली." बाबा परत खाली बसले. "मुलगी इथे आहे. विचारा तिला काय विचारायचं ते. आत्ता."

पर्यवेक्षिकांनी विचारलं. इतिहास विचारला, भूगोल विचारला, विज्ञानात पानं प्रकाशात अन्न कशी बनवतात ते विचारलं. मी सांगत गेले. मग त्यांनी टेबलावरची एक सूचना माझ्यापुढे सरकवली, "हे वाच." मी पहिल्या ओळीतच अडकले. त्यांनी चष्मा काढला, पुसला. खात्री पटली म्हणावं तर तसंही नाही. "बघू," एवढंच म्हणाल्या. आत्या त्यांच्या त्या "बघू"वर विसंबली नाही. दर महिन्याला ती शाळेच्या दारात उभी राहायची. चाचणीचे प्रश्न मला वाचून दाखवायला हवेत, उत्तरं तोंडी घ्यायला हवीत, फळ्यावरचं उतरवायला वेळ हवा. एकेक गोष्ट मिळायला दोन वर्षं गेली.

यात ती एकदा सपशेल चुकलीसुद्धा. माझ्या वर्गशिक्षिका मला मुद्दाम पहिल्या बाकावर बसवतात, नजरेखाली ठेवून अपमान करायला, असं तिने ठरवून टाकलं होतं. पालकसभेत तिने त्यांना सगळ्यांदेखत विचारलं, "हिला पुढे कशाला बसवता?" बाई शांतपणे म्हणाल्या, "तिला फळ्यावरचं हळूच वाचून दाखवता यावं म्हणून. दाखला यायच्या आधीपासून बसवते. तिने घरी सांगितलं नाही?" मी सांगितलं नव्हतं. आत्याकडे आपण होऊन काही सांगायची मला सवयच नव्हती. आत्या सभा संपेपर्यंत थांबली आणि सगळे गेल्यावर बाईंना म्हणाली, "माझी चूक झाली. तुम्ही ही युक्ती बाकीच्या शिक्षकांना सांगाल का?" त्या सभेनंतर पुढच्या वर्षी रुग्णालयातल्या त्या खादीवाल्या बाईंना शाळेने शिक्षकांशी बोलायला बोलावलं. पर्यवेक्षिका पहिल्या रांगेत बसून सगळ्यात जास्त प्रश्न विचारत होत्या.

दहावीला मला लेखनिक मिळाली. मी उत्तर सांगायचं आणि तिने लिहायचं. नववीतली एक गोड मुलगी होती. आत्याने तिला घरी बोलावून पोहे खायला घातले आणि अर्धा तास चौकशी केली. "हिने चुकीचं सांगितलं आणि तुला बरोबर येत असलं तर काय करशील?" ती बिचारी म्हणाली, "चुकीचंच लिहीन, आत्या." "आणि हिने बरोबर सांगितलं, पण तुला ते चूक वाटलं तर?" मुलगी गोंधळली. आत्याने तिच्या ताटात आणखी पोहे वाढले. "तरी हिचंच लिहायचं. ती परीक्षा तिची आहे." मी पास झाले. पेपरात फोटो यावा असे मार्क नव्हते, पण माझे होते. आज मी अंधेरीतल्या एका स्टुडिओत ध्वनिमुद्रणाचं काम करते. कान चांगले आहेत, त्यांच्यावर पोट चालतं. ईमेल मी फोनकडून वाचून घेते आणि ते कुणापासून लपवत नाही.

निवृत्त झाल्यावर आत्या कुठल्या ना कुठल्या शाळेत जाऊन बसायची. कुणी बोलावलेलं असो वा नसो. आळशी, ढ, बेशिस्त असं कुणा मुलाबद्दल ऐकलं की तिचे डोळे बारीक व्हायचे. "कशावरून?" ती विचारायची. शिक्षक तिला टाळायचे आणि मग एक दिवस त्यांच्यापैकीच एखादा तिला फोन करायचा. तिचा स्वभाव काही बदलला नाही. दूधवाल्याला ती शेवटपर्यंत चोरच समजत होती.

गेल्या वर्षी पोटाच्या दुखण्याने तिला रुग्णालयात न्यावं लागलं. सकाळची वेळ, मी आणि बाबा दोघंच बरोबर. ती स्ट्रेचरवर, चेहरा पांढरा पडलेला. दाखल करायच्या खिडकीवर मी पुढे झाले, पण बाबांनी माझ्या हातातून अर्ज घेतला आणि खिशातलं पेन काढलं. त्यांना अर्ज भरताना मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. ते एकेक अक्षर ओठांनी जुळवत लिहू लागले. 'सुलभा'चं त्यांनी 'सुलमा' लिहिलं, थांबले, खोडलं, पुन्हा लिहिलं. मागे लोक चुळबुळायला लागले. खिडकीतली परिचारिका चांगल्या मनाने म्हणाली, "काका, द्या इकडे, मी भरते पटकन."

आत्याने स्ट्रेचरवरून मान उचलली. बोलताना तिला धाप लागत होती.

"भरूक द्या तेका," ती म्हणाली. "आमका घाई नाय."

परिचारिका थांबली. मागचेही थांबले. बाबांनी पत्ता लिहिला, वय लिहिलं, आणि नातं विचारलं होतं तिथे 'भाऊ' लिहून अर्ज आत सरकवला. मग आत्याला आत नेलं. आठवड्याभरात ती गेली.